जमिनीला बिलगलेला वारा

मळणीयंत्रे गावोगाव येण्याआधी वऱ्हाडातल्या खळ्यावर ज्वारी उफणायची म्हटली की माणूस आधी तिवईवर चढे. खालून कुणीतरी टोपले भरून द्यायचे, वरच्याने ते डोक्याइतके उंच धरून हलवत रिकामे करायचे. दाणा सरळ खाली राशीत पडे आणि भुसकट वाऱ्यासोबत बाजूला जाई. हेच काम जमिनीवर उभे राहून केले तर बरेचसे भुसकट दाण्यातच उतरते. तिवईमुळे दाण्याला खाली यायला थोडा जास्त वेळ मिळतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. वर मुळात वाराच जास्त असतो.

किती जास्त, याचा हिशेब मांडता येतो. मोकळ्या, धसकटांच्या शेतावर वाऱ्याचा वेग उंचीसोबत लघुगणकाच्या नियमाने वाढतो. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर जो वेग असेल, त्याच्या सुमारे पावणेदोन पट वेग अडीच मीटरवर मिळतो. भुसकटाला ढकलणारा जोर साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळजवळ तिप्पट होतो. पण तिथून पुढे, अडीच मीटरपासून दहा मीटरपर्यंत चढून गेले तरी वेगातली वाढ तीस टक्क्यांच्या आतच राहते. हवामानखात्याचे वारामापक दहा मीटर उंच खांबावर असतात. उफणणाऱ्याला तेवढे चढून फारसे काही मिळाले नसते. फायद्याचा मोठा वाटा तळाच्या दोन-अडीच मीटरांतच आहे आणि तिवई नेमकी तेवढीच उंची देते. लघुगणकाचा हा नियम थिओडोर फॉन कार्मान यांनी १९३० साली मांडला. तिवईचे माप त्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट ऐकायला साधी पण पचायला जड आहे. हवा असो, पाणी असो की जवसाचे तेल, प्रवाह घन पृष्ठभागावरून जातो तेव्हा त्या पृष्ठभागाला टेकलेला त्याचा अगदी तळचा पापुद्रा हलतच नाही. पृष्ठभाग स्थिर असेल तर तो स्थिर, पृष्ठभाग फिरत असेल तर तो त्याच्यासोबत फिरणारा. घरातल्या छताच्या पंख्याची पाती मिनिटाला तीनशेहून अधिक फेरे घेतात, तरी महिन्याभरात त्यांच्यावर धुळीचा जाड थर बसतो. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला चिकटलेली हवा पात्यासोबतच फिरत असते. बारीक धूलिकणाच्या दृष्टीने तिथे वारा जवळपास नसतोच.

तळचा पापुद्रा थांबलेला, म्हणून त्याच्या वरचा त्याला घासून मंदावतो, त्यामुळे त्याच्या वरचा थोडा कमी मंदावतो, आणि असे करत काही अंतरावर प्रवाहाचा मूळ वेग पुन्हा सापडतो. पत्त्यांची गड्डी टेबलावर ठेवून वरचे पान सरकवले की खालची पाने कमी कमी सरकतात, तसाच हा प्रकार. प्रवाहातल्या या अंतर्गत घासाघाशीला श्यानता म्हणतात आणि वेग शून्यापासून मूळ वेगापर्यंत चढतो त्या पट्ट्याला सीमास्तर. वेग मूळ वेगाच्या ९९ टक्के झाला की सीमास्तर संपला, असे सोयीसाठी मानतात. निसर्गात तिथे अशी काही रेघ नसते.

सीमास्तराची जाडी कुठे किती असते? ताशी पाचशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला ती दोन-तीन सेंटिमीटर असते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचे एटीआर विमान उतरू लागले. त्याचे वीसेक टन वजन हवेत तोलले जाते की नाही, हे या बोटभर थराच्या वागण्यावर अवलंबून असते. थर पंखाला धरून राहिला तर विमान तरंगते. तो पंखाच्या पाठीवरून सुटला तर उचल कोसळते.

हे 'सुटणे' समजायला माणसाला दीडशे वर्षे लागली. १७५२ साली फ्रेंच गणिती द'आलंबेर यांनी सिद्ध करून दाखवले की, घर्षण नसलेल्या प्रवाहात एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला रोध अजिबात होत नाही. गणित बिनचूक होते. पण पूर्णेच्या धारेत हात घालणाऱ्या कुठल्याही पोराला कळेल की निष्कर्ष खोटा आहे. पुढे नाविए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये श्यानता धरून समीकरणे लिहिली. ती बरोबर होती, पण थोड्या सोप्या प्रसंगांपलीकडे कुणाला सोडवता येत नव्हती. हवेची आणि पाण्याची श्यानता इतकी कमी की ती सोडून दिली तर काय बिघडते, असे वाटणे साहजिक होते. नेमके तिथेच सगळे बिघडत होते.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती कारखान्यात, आणि तिचा वऱ्हाडाशी आडवळणाचा संबंध लावता येतो. लुडविग प्रांटल हा जर्मन तरुण अभियंता न्यूरेम्बर्गच्या यंत्रकारखान्यात कामाला होता. यंत्रांखाली साचणारा भुसा आणि कीस हवेच्या नळीने ओढून घेण्याची व्यवस्था सुधारणे हे त्याचे काम. त्याने नळी एके ठिकाणी हळूहळू रुंद केली. रुंद नळीत हवा मंदावेल आणि तिचा दाब पुन्हा चढेल, अशी पुस्तकी अपेक्षा. दाब काही चढला नाही. हवेने नळीची भिंत सोडून दिली होती आणि मधूनच ती झोताने चालली होती. व्यवस्था त्याने वेगळ्या रीतीने पार पाडली, पण हवा भिंत सोडते का, हा प्रश्न घेऊनच तो हॅनोव्हरला प्राध्यापक म्हणून गेला.

अकोला, अकोट, खामगाव, अमरावती भागातल्या आजच्या जिनिंगमध्ये कापूस तशाच नळ्यांतून जातो. आवारातल्या गंजीतून पंख्याच्या ओढीने तो उचलला जातो आणि रेच्यांपर्यंत पोहोचतो. नळीच्या चारही बाजूंनी वाढत आलेले सीमास्तर काही अंतरावर मध्यभागी एकमेकांना भेटतात आणि तिथून पुढे अख्खी नळी म्हणजे सीमास्तरच होऊन बसते. तीव्र वळणावर किंवा एकदम रुंद होणाऱ्या जागी हवा भिंत सोडते, तिथे भोवरे फिरतात, ओढ वाया जाते आणि हलका माल रेंगाळतो. नळ्या बसवणारा कारागीर प्रांटलचे नाव ऐकलेला नसेल, पण कोपरा गोल ठेवायचा आणि नळी एकदम फुगवायची नाही, हे त्याला ठाऊक असते.

१९०४ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रांटल २९ वर्षांचा होता. त्याला बोलायला दहा मिनिटे मिळाली आणि पुढे छापलेला निबंध जेमतेम आठ पानांचा झाला. त्याचे म्हणणे असे की प्रवाहाचे दोन भाग करा. पृष्ठभागापासून दूर श्यानता खुशाल विसरा, तिथे जुने गणित चालेल. पृष्ठभागालगतच्या पातळ थरात मात्र ती विसरता येणार नाही, कारण तिथे वेग शून्यापासून पूर्ण होईपर्यंत इतक्या थोड्या अंतरात चढतो की श्यानता कितीही कमी असली तरी तिचा जोर लागतोच. आणि थर पातळ आहे, एवढ्यानेच समीकरणे इतकी सोपी होतात की ती सोडवता येतात. १९०८ साली त्याचा विद्यार्थी ब्लाझियुस याने सपाट पाटीवरच्या थराची जाडी काढून दाखवली. पाटीच्या पुढच्या कडेपासून जसजसे मागे जावे तसतशी जाडी अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि वारा जोराचा असेल तितका थर पातळ होतो.

प्रवाह भिंत का सोडतो, याचे उत्तरही त्या आठ पानांत होते. गोलाकार वस्तूच्या पुढच्या अर्ध्यावर प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. मागच्या अर्ध्यावर दाब पुन्हा चढतो. थराबाहेरच्या वेगवान प्रवाहाला हा चढ झेपतो. तळाच्या आधीच मंदावलेल्या पापुद्र्यांत तेवढा दम नसतो. ते थांबतात, उलटे फिरतात, आणि त्यांच्या वरचा सगळा प्रवाह पृष्ठभागापासून उचलला जातो. वस्तूमागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो, पुढून दाब आणि मागून पोकळी अशी स्थिती होते. द'आलंबेरच्या शून्य रोधाचा पत्ता इथे लागला. प्रांटलने हाताने फिरवायच्या चाकाने पाणी वाहवणारी एक पन्हळ बनवली होती आणि पाण्यात खनिजाचे चकाकणारे कण सोडून हे सुटणे डोळ्यांनी दाखवले होते. त्याला नोबेल पारितोषिक कधी मिळाले नाही. विसाव्या शतकातल्या इतक्या कमी पानांच्या, इतक्या उपयोगी पडलेल्या दुसऱ्या निबंधाचे नाव चटकन सुचत नाही.

सीमास्तराच्या दोन प्रकृती असतात. एक शिस्तीची: पापुद्रे एकमेकांवरून न मिसळता सरकतात. दुसरी खवळलेली: आत सतत लहानमोठे भोवरे उठतात आणि वरची वेगवान हवा खाली, खालची मंद हवा वर अशी उलथापालथ चालू राहते. खवळलेला थर पृष्ठभागाला जास्त घासतो, पण त्याच्या तळाला वरून सतत ताजा जोर मिळत असल्याने तो पृष्ठभाग उशिरा सोडतो. क्रिकेटचा चेंडू स्विंग होतो तो याच फरकावर. शिवण तिरकी धरून टाकलेल्या चेंडूच्या एका बाजूचा थर शिवणीला अडखळून खवळतो आणि चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा थर लवकर सुटतो. मागचा भोवऱ्यांचा पट्टा एका अंगाला कलतो आणि चेंडू दुसऱ्या अंगाला, शिवणीच्या रोखाने वळतो. रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात याची मोजमापे प्रसिद्ध केली. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला पहिला रणजी करंडक जिंकला, त्या सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली होती. स्विंगवर जगणाऱ्या मध्यमगती गोलंदाजाची सारी कमाई चेंडूभोवतीच्या मिलिमीटरभरापेक्षाही पातळ थराची असते.

शिस्तीचा थर खवळतो कसा, हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही, आणि त्यातले काही महत्त्वाचे काम भारतात झाले. सतीश धवन यांनी अमेरिकेत पीएच.डी. करताना पृष्ठभागावरचे हवेचे घर्षण थेट मोजण्याचे उपकरण बनवले होते. भारतात परतून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्यावर त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह यांनी १९५८ साली थर खवळतानाच्या मधल्या अवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा थर एकदम खवळत नाही. आधी इथेतिथे खवळलेले ठिपके उठतात, प्रवाहासोबत वाहत पसरत जातात आणि शेवटी एकमेकांत मिसळतात. धवन पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले. लोकांना ते तेवढ्याचसाठी आठवतात, याची थोडी चुटपुट वाटते.

पाण्यातला सीमास्तर उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याला जावे. अप्पर वर्धा धरणाला तेरा दरवाजे आहेत आणि ते उघडले की बघ्यांची जत्रा भरते. धरणाच्या उतारावरून घसरणारे पाणी माथ्याशी काचेसारखे नितळ असते, आणि खाली कुठेतरी ते पांढरे होते. खांबांना आणि कडांना घासून उठणारा फेस सोडून द्यावा आणि मधल्या पट्ट्याकडे पाहावे. काँक्रीटवर सीमास्तर माथ्यापासूनच वाढू लागलेला असतो, पण तो पाण्याखाली दडलेला असल्याने वरून कळत नाही. वाढत वाढत त्याची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाला भिडली की आतले भोवरे बाहेर डोकावतात, पृष्ठभाग फोडतात आणि हवा आत ओढून घेतात. पाणी जिथे पांढरे होते ती थर वर पोहोचल्याची जागा. दरवाजा थोडाच उघडला असेल तर पाण्याचा पडदा पातळ असतो आणि पांढरेपणा वरच सुरू होतो. विसर्ग वाढवला की तो खाली सरकतो. पाण्याचा पडदा खूप जाड असेल तर थर वर पोहोचण्याआधीच उतार संपतो. ही केवळ शोभेची गोष्ट नाही. वेगवान पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात तेव्हा ते काँक्रीटही कुरतडतात. पाण्यात थोडीशी हवा मिसळली की हा मारा बराच मवाळ होतो. म्हणून उंच धरणांच्या उतारावर अभियंते मुद्दाम खाचा ठेवून हवा आत घेतात.

आता कपाशीच्या पानाकडे यावे. दहा सेंटिमीटर रुंदीच्या पानावरून सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूक गेली तर मागच्या कडेला सीमास्तर सुमारे सहा मिलिमीटर जाड होतो. वारा चौपट झाला तर जाडी निम्मी, म्हणजे तीन मिलिमीटर. पानाने सोडलेली वाफ आणि पानाला लागणारा कार्बन डायऑक्साइड यांना या मंद हवेतून वाट काढावी लागते. वारा पडलेल्या दुपारी थर जाड होतो, पानाची उष्णता निघत नाही आणि पान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापते. मोठ्या सपाट पानापेक्षा खोल कातरलेल्या पानाला यात सोपे जाते, कारण कापलेल्या प्रत्येक कडेपासून थर नव्याने, पातळ असा सुरू होतो. देशी कपाशीची पाने बोटांसारखी खोल कातरलेली असतात, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्याच सहा मिलिमीटरांत एक वस्तीही असते. पांढरी माशी जेमतेम दीड मिलिमीटरची. शेतात टोपी उडवणारा वारा सुटला तरी पानाखाली बसलेल्या माशीला तो फारसा लागत नाही. ती थराच्या तळाच्या शांत, दमट पट्टीत असते. फवाऱ्याच्या अतिबारीक थेंबांनाही इथेच अडचण येते. हवा पानाला वळसा घालून जाते आणि पुरेसे वजन नसलेला थेंब हवेसोबत तोच वळसा घालतो. मोठा थेंब वळू शकत नाही, तो पानावर आदळतो.

वाऱ्याच्या थरावर माणसाने मुद्दाम केलेले बांधकाम पाहायचे तर अंजनगाव सुर्जीला जावे. शिंदे आणि इंग्रज यांच्यातल्या १८०३ च्या तहामुळे हे नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे, पण वऱ्हाडात ते पानमळ्यांसाठी आणि पानपिंपरीसाठी ओळखले जाते. अकोट आणि तेल्हाऱ्याकडेही ही शेती आहे. नागवेल ही दमट सावलीतली वेल. वऱ्हाडचा उन्हाळा तिचा वैरी. बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी तिच्यासाठी शेवरी, पांगारा, शेवगा यांची दाट लागवड करून आत वेगळेच हवामान उभे केले. बाहेरचा वारा झाडांच्या माथ्यावरून जातो आणि आत, वेलीच्या उंचीवर, तो जवळपास थांबतो. पानाभोवतीचा थर जाड राहतो, वाफ रेंगाळते, जमिनीची ओल टिकते. या कुंपणाचे शहाणपण त्याच्या फटींमध्ये आहे. भक्कम भिंत घातली तर वारा तिच्या वरच्या कडेवरून सुटतो, मागे भोवरे फिरवतो आणि थोड्याच अंतरावर पुन्हा जोराने खाली उतरतो. साधारण निम्मी फट असलेले झाडांचे कुंपण थोडा वारा आतून झिरपू देते, त्यामुळे वरचा प्रवाह अलगद उचलला जातो आणि आडोसा कुंपणाच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत पोहोचतो. संत्र्याच्या बागेला पश्चिमेकडून झाडांची रांग लावणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

पान, चेंडू, पंख यांचे थर मिलिमीटर-सेंटिमीटरांत मोजायचे. जमिनीवरचा हवेचा सीमास्तर किलोमीटरांत मोजावा लागतो, आणि तो रोज उगवतो, वाढतो आणि मावळतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की बातमी होते. तो पारा असतो जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत. त्या वेळी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास असतो. पंधरा अंशांचा हा उतार मुख्यतः तळाच्या काही सेंटिमीटरांत उरकतो. पाच सेंटिमीटरचे रोप आणि त्याच्या शेजारी उभा शेतकरी यांचे हवामान एक नसते.

तळाची हवा इतकी तापली की ती हलकी होऊन उठते, तिच्या जागी वरची थंड हवा उतरते, आणि दुपारपर्यंत ही उलथापालथ दोन ते चार किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचते. पंख न हलवता घिरट्या घालत चढणाऱ्या घारी या उठणाऱ्या स्तंभांवरच स्वार असतात. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पूर्णेच्या मैदानापासून आठशे मीटर वर. उन्हाळ्याच्या दुपारी तोही याच थराच्या पोटात असतो. चांगल्या घुसळलेल्या कोरड्या हवेत दर किलोमीटरला तापमान सुमारे दहा अंशांनी उतरते, म्हणून अकोल्याहून तिथे गेले की आठेक अंशांचा दिलासा मिळतो. त्याहून जास्तीची अपेक्षा मे महिन्याच्या दुपारी ठेवू नये. उठणाऱ्या हवेला थोडी गिरकी मिळाली की ती आत खेचली जाताना अधिक वेगाने फिरते आणि पऱ्हाटीची पाने, कागद, धूळ घेऊन वावटळ उभी राहते. पाऊस पडून जमीन भिजली की उन्हाची बरीच शक्ती पाणी वाळवण्यात जाते. मग हाच थर किलोमीटरभर किंवा त्याहून कमी उंचीवर थांबतो.

सूर्य मावळला की चित्र उलटते. जमीन आकाशाकडे उष्णता फेकून थंड होते, तिला टेकलेली हवा थंड आणि जड होऊन तिथेच बसते. वर ऊबदार, खाली गार, अशी ही रचना असते. तिच्यात घुसळण होत नाही. रात्रीचा हा थर शंभर ते तीनशे मीटरच उंच असतो. हुरड्याच्या दिवसांत संध्याकाळी आगटीचा धूर थोडा चढतो आणि मग गावावर आडवा पसरतो, तो या झाकणाला अडून. गाडीची शिट्टी दिवसा ऐकू येत नाही आणि रात्री चार-पाच कोसांवरून येते, तेही यामुळेच. वरच्या ऊबदार हवेत आवाज वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. जमिनीजवळ वारा पडलेला असताना दोन-तीनशे मीटर वर मात्र तो दिवसापेक्षा जोरात धावत असतो, कारण दिवसा त्याला खाली बांधून ठेवणारी घुसळण थांबलेली असते. पहाटेच्या पूर्ण निवांत हवेत फवारणी करणे म्हणूनच दिसते तितके निर्धोक नाही. बारीक थेंब वर विरत नाहीत आणि खालीही बसत नाहीत, ते त्या झाकणाखाली तरंगत शेजारच्या शेतात किंवा फवारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. ऊन थोडे वर आल्यावर, मंद वारा सुटलेला असताना फवारावे.

रात्रीच्या याच थरात एक कोडे निघाले आणि त्याचे मोठे पान पुण्यात लिहिले गेले. १९३२ साली हवामानखात्याने पुण्यात कृषी हवामानाचा विभाग सुरू केला. त्याचे प्रमुख एल. ए. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. शेतातली हवा सव्वा मीटरवरच्या पेटीत मोजून भागणार नाही, तिचा तळ मोजला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड जागा जमिनीलगत नसते. ती जमिनीपासून काही इंच ते दीड-दोन फूट उंचीवर असते, आणि जमिनीपेक्षा काही अंशांनी थंडही असू शकते.

जगाने यावर विश्वास ठेवला नाही. रात्री उष्णता फेकते ती जमीन, मग सर्वांत थंड तीच असायला हवी. शिवाय थंड, जड हवा उबदार हवेच्या डोक्यावर तास न् तास बसेलच कशी? ती तत्काळ खाली कोसळेल. मोजमाप चुकले असेल, असेच बहुतेकांना वाटले. मग इतरांनीही मोजले. राश्के हा जर्मन संशोधक पुण्यातच मोजून गेला आणि १९५७ मध्ये त्याने लिहिले की रामदास बरोबर होते. तोवर पंचवीस वर्षे गेली होती. आज या पट्ट्याला जगभर 'रामदास थर' म्हणतात. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात तो असायला काय हरकत आहे, कळत नाही.

कारणाचा शोध आणखी लांबला. १९९३ मध्ये वासुदेव मूर्ती, जे. श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांनी प्रारणाचे, म्हणजे उष्णता फेकण्या-शोषण्याचे, गणित मांडून हवा स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकून जमिनीपेक्षा वेगाने थंड होऊ शकते, असे दाखवले. त्यांच्या मांडणीत जमिनीच्या प्रारणक्षमतेला मध्यवर्ती जागा होती. २०१० च्या सुमारास बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या के. आर. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी त्या मांडणीतला दोष दाखवला आणि बोट दुसरीकडे नेले: जमिनीजवळच्या हवेतल्या सूक्ष्म तरंगत्या कणांकडे. धूळ, धूर, ओलाव्याचे कण उष्णता फेकतात आणि आपल्याभोवतीची हवा गार करतात. कण तळाशी जितके दाट, तितका तो पट्टा थंड. उलथापालथ का होत नाही, याचे उत्तरही याच प्रारणात आहे, कारण खाली जाऊ पाहणाऱ्या थंड हवेचा फरक ते वाटेतच पुसून टाकते.

हे सगळे उघड्या जमिनीचे. पीक उभे राहून त्याने जमीन झाकली की आकाशाकडे उष्णता फेकण्याचे काम पिकाचा माथा करू लागतो आणि सर्वांत थंड जागा तिथे सरकते. दव आधी आणि जास्त धरते तेही माथ्यावर. वऱ्हाडात हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट स्राव, गोळा करायला पहाटे स्वच्छ धोतराचे फडके झाडांच्या शेंड्यांवरून फिरवतात, खालच्या पानांना हात लावत नाहीत, आणि ऊन चढून हवा पुन्हा घुसळायला लागण्याआधी ते पिळून घेतात.